पोरांनी सा रे ग म लावलं आणि निघून गेली

"ताई, नमस्कार. उद्यमनगरात माझं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीत ओतकामाचे साचे पाडायला लागणारे लाकडी पॅटर्न, आणि ओतीव वस्तूत पोकळी ठेवणाऱ्या कोअरचे बॉक्स करतो. मुलगी चौथीत आहे, दिवसभर काहीतरी गुणगुणत असते. तिला स्वतःचं गाणं रचता यावं म्हणून मी सागवानाचा एक पाट केला. त्याला सोळा भोकं आणि सात स्वरांच्या सात खुंट्या. सा सगळ्यांत बुटका, नी सगळ्यांत उंच, प्रत्येकाला वेगळा रंग. डिप्लोमा करणाऱ्या पुतण्यानं आत सर्किट बसवलं. खुंटी लावली की पाट वाजायला लागतो आणि फिरून फिरून तेच वाजवत राहतो. दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली वीस-बावीस पोरं येऊन गेली. सगळ्यांनी सा रे ग म प ध नी ओळीनं लावलं, एकदा ऐकलं, मग उलटं लावलं, हसली आणि गेली. परत कुणी आलं नाही. मुलगीसुद्धा नाही. तिच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, आधी अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, घोटू द्या, रचना वगैरे नंतर. पुतण्या म्हणतो, पाचच स्वर ठेवू म्हणजे बेसूर काही होणारच नाही, आणि वर स्क्रीन लावू. त्यानं बार्सिलोनातल्या एका उजळणाऱ्या टेबलाचा व्हिडिओ दाखवला. तसलं आपल्याला जमायचं नाही. एवढे दिवस घालवले, आता सोडून द्यावं का?"
– एक पॅटर्नमेकर, कोल्हापूर

नमस्कार दादा,

सोडू नका. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: "सगळ्यांनी सा रे ग म ओळीनं लावलं." वीस-बावीस पोरं तुमच्या पाटापुढं बसली आणि सगळ्यांनी एकच गोष्ट केली. पोरं असं आपणहून करत नाहीत. त्यांना पाटानं तसं करायला सांगितलं, आणि पाटाला तुम्ही.

खुंट्या एकीपेक्षा एक उंच आहेत, म्हणजे जिना आहे. शिवाय त्या सातच आहेत आणि प्रत्येक वेगळ्या रंगाची आहे. लहान पोरापुढं असं काही ठेवलं की त्याचे हात आपोआप ते उंचीनं लावतात. हे बालवाडीपासून शिकवलेलं असतं, त्यात कानाचा काही संबंध येत नाही. उत्तर तुम्हीच लाकडात कोरून ठेवलंत. पोरांनी ते बरोबर ओळखलं आणि कोडं सुटल्यावर उठून गेली.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. सोळा भोकं आहेत, पण सा एकच आहे. म्हणजे सा वरून निघालेलं पोर परत सा वर येऊच शकत नाही. तुमची मुलगी जे गुणगुणते त्यात एखादा स्वर तीनदा, चारदा, दहादा येत असणार. तुम्हाला पाठ असलेलं कुठलंही गाणं घ्या, आरती घ्या, पाळणा घ्या, आणि एक स्वर एकदाच वापरून म्हणून बघा. दोन शब्दांच्या पुढं जाता येणार नाही. गाणं परत येण्यावर उभं असतं, आणि तुमच्या पाटावर परत येण्याची सोय नाही. मुलीनं ते बहुतेक पहिल्याच दिवशी ओळखलं असेल, तिला सांगता आलं नसेल इतकंच.

जीन बॅम्बर्गर या पियानोवादक आणि अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात संगीताच्या प्राध्यापक होत्या. न शिकलेला माणूस गाणं कसं ऐकतो, या एकाच प्रश्नाला त्यांनी कित्येक वर्षं दिली. त्यांनी मुलांपुढं मॉन्टेसरीच्या घंटा ठेवल्या. या घंटा दिसायला अगदी सारख्या असतात, आवाज मात्र प्रत्येकीचा वेगळा. दिसण्यावरून काही कळायचं नाही, वाजवूनच बघायला लागतं. मुलांना सांगितलं, तुम्हाला येणारं एक सोपं गाणं यावर बसवा. न शिकलेली मुलं घंटा स्वरांच्या चढत्या क्रमानं लावायची नाहीत. गाण्यात जी आधी ती आधी, जी नंतर ती नंतर, अशी मांडायची. गाण्यात तोच स्वर पुन्हा आला की मागच्या घंटेकडं हात न्यायच्या ऐवजी काही मुलं तशाच आवाजाची दुसरी घंटा शोधून पुढं ठेवायची. त्यांच्या लेखी शेवटचा सा आणि पहिला सा एक नव्हताच. एक निघायचा होता आणि एक पोचायचा.

पुढं बॅम्बर्गरबाईंनी संगणकावर ठोकळे केले, त्यांचं नाव ट्यूनब्लॉक्स. एका ठोकळ्यात एक स्वर नसे, चालीचा एक छोटा तुकडा असे. कारण नवख्या कानाला स्वर सुटा ऐकू येतच नाही, त्याला तुकडा ऐकू येतो. स्वर हा शिकलेल्या माणसाचा हिशोब आहे. आपण बोलायला क ख ग पासून शिकलो नाही, "पाणी दे" पासून शिकलो, तसंच हे.

आणि हे आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. शाहू महाराजांच्या काळात अल्लादिया खाँसाहेब दरबारगायक म्हणून कोल्हापुरात राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात रुजली. समोर बसवून दिलेली आपली तालीम तुकड्यांचीच असते. गुरू एक जागा गातो, शिष्य ती उचलतो, जमली की पुढची. आणि गाण्याचं राहू द्या, खासबागेत कुस्ती लागल्यावर हलगी-घुमकं घुमायला लागतं तेव्हा गॅलरीत बसलेलं सहा वर्षांचं पोरगं मांडीवर जे बडवतं, तो तुकडाच असतो. त्याला मात्रा मोजता येत नाहीत. पण हलगी कधी चढली आणि कधी उतरली हे त्याला चोख कळतं. कोल्हापूरचं पोर कोरं नसतं दादा. तुमच्या पाटानं मात्र त्याला कोरं धरलं.

तेव्हा माझं सांगणं एवढंच आहे: पोराच्या हातात स्वर देऊ नका, तुकडा द्या. आणि त्यानं मांडलेलं त्याला पुन्हा ऐकून बदलता येऊ द्या. रचना म्हणजे तेच बदलणं.

करायचं कसं ते सांगते. भूप राग घ्या. सा रे ग प ध, पाचच स्वर. चार-चार मात्रांचे तुकडे करा. एकात "सा रे ग ऽ". दुसऱ्यात "ग प ध प". तिसऱ्यात "प ग रे ऽ". चौथ्यात "ग रे सा ऽ". आणखी दोन-तीन मुलीच्या गाण्याच्या बाई सुचवतील. असे चार ठोकळे शेजारी बसले की सोळा मात्रा होतात, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. प्रत्येक ठोकळ्याच्या निदान दोन प्रती करा, म्हणजे परत यायची सोय झाली. जागा रिकामी सोडली तर तेवढ्या मात्रा शांत जाऊ द्या. ती रिकामी जागासुद्धा पोरं फार छान वापरतात.

हेच तुकडे घेऊन मी एकदा काही मुलांना बसवलं होतं. तेव्हा ना सर्किट होतं ना स्पीकर. काडेपेटीच्या आकाराचे लाकडाचे तुकडे होते, त्यावर चित्रं चिकटवलेली, आणि खोलीत आडवी दोरी बांधून टाकलेली चादर. चादरीमागं एक पेटीवाले बसले होते आणि फटीतून त्यांना पाट दिसत होता. मूल ठोकळे मांडी, मी टिचकी मारी, पेटीवाले मांडलेलं वाजवत. एका नऊ वर्षांच्या मुलीनं पतंग, मासा, दिवा, पान असं मांडलं. पतंग म्हणजे "सा रे ग", मासा "ग प ध प", दिवा "ग रे सा", पान "प ग रे". ऐकून झाल्यावर ती गप्प बसली. मग म्हणाली, "हे संपलंच नाही." मी काही बोलले नाही. तिनं दिवा उचलला, हातात धरून ठेवला, पान एक घर मागं सरकवलं आणि दिवा शेवटी ठेवला. परत ऐकलं. आणि मान हलवली, तबलजीकडं बघून गवई हलवतात तशी.

सा हा घरचा स्वर आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रे वर थांबलं की दारात उभं राहिल्यासारखं वाटतं, हे तिच्या कानाला आधीच ठाऊक होतं. ठोकळ्यानं फक्त ते हातानं करून बघायची जागा दिली. नंतर त्या मुलांनी आपसात ठोकळ्यांना नावं पाडली. दिव्याला "घरी जाणारा" म्हणायला लागली.

म्हणून ठोकळ्यांवर उंची नको, आकडे नकोत, इंद्रधनुष्याच्या क्रमानं रंगही नकोत. ज्यात आधी-नंतर असं काही नाही अशी चित्रं कोरा. आकार सगळ्यांचा एकच, नऊ वर्षांच्या मुठीत बसेल एवढा. उलटा बसायला नको, आणि ते तुम्हाला मी काय सांगावं? पॅटर्नवरचा कोअर प्रिंट साच्यात कोअरची बैठक पाडतो आणि कोअरला जसा एकाच बाजूनं बसू देतो, तशी खाच ठोकळ्याच्या बुडाला द्या. सुटे चुंबक मात्र अजिबात वापरू नका. लहान भावंडं ते तोंडात घालतात, आणि गिळलेले दोन चुंबक आतड्याला चिमटतात.

आता तुमचा पाट फिरून फिरून वाजत राहतो त्याबद्दल. ते बंद करा. सतत वाजणाऱ्या गोष्टीपुढं पोराला विचार करायला उसंत मिळत नाही. त्याचा कान थकतो आणि हात घाईला येतो. त्याऐवजी पाटाला एक हँडल लावा, शेवयाच्या यंत्राला असतं तसं. फिरवलं तरच वाजेल. हळू फिरवलं तर हळू, थांबवलं तर थांबेल. लेथवर तुम्ही ते तासाभरात करून द्याल, पुतण्याला फक्त फिरणं मोजायचा एन्कोडर बसवायला लागेल. न कळलेली जागा पोर तीन-तीनदा हँडल फिरवून ऐकतं, आणि तिथंच शिकतं. पाटानं पोराच्या कानासाठी थांबायला हवं.

बार्सिलोनाच्या टेबलाचं म्हणाल तर पुतण्यानं दाखवलं ते बहुधा रिॲक्टेबल. तिथल्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात सर्जी जोर्दा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून त्यावर काम केलं. गोल टेबल असतं, त्यावर ठोकळे ठेवायचे, आणि प्रत्येक ठोकळ्याच्या बुडाला छापलेली खूण खालून कॅमेरा ओळखतो. दोन ठोकळे जवळ आणले की आवाज एकमेकांना जोडले जातात आणि तो जोड प्रकाशात दिसतो. २००७ साली ब्योर्क या गायिकेनं ते आपल्या दौऱ्यात रंगमंचावर आणलं आणि जगभर माहीत झालं. सुंदर वस्तू आहे ती, मला मनापासून आवडते. पण ते मुख्यतः वादनाचं साधन आहे. आवाज चालू असतो आणि वादक त्यात हात घालतो. मुलीला तुम्ही जे देऊ बघताय ते वेगळं आहे. तिला मांडून ठेवता यायला हवं, उठून पाणी पिऊन परत येता यायला हवं, आणि मांडलेलं तिथंच असायला हवं.

या सगळ्या विचाराचं मूळ मला एका साध्या कल्पनेत दिसतं. १९९२ मध्ये लंडनला ड्युरेल बिशप नावाच्या डिझाइनच्या विद्यार्थ्यानं फोनचे निरोप ठेवणारं एक यंत्र कल्पिलं. निरोप आला की यंत्रातून एक गोटी बाहेर पडायची. गोटी खळग्यात ठेवली की निरोप ऐकू यायचा. किती निरोप आहेत ते गोट्या मोजून कळायचं, दुसऱ्याचा निरोप असेल तर त्याची गोटी बाजूला ठेवायची. पुढं १९९७ मध्ये एमआयटीतल्या हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी अशा हातात धरता येणाऱ्या माहितीचा विचार व्यवस्थित मांडला. पण मला तुमच्यासाठी ती गोटीच पुरेशी वाटते. निरोप कुठंय? हातात. गाणं कुठंय? पाटावर. स्क्रीन आली की पोराची नजर तिकडं जाते आणि हातातला ठोकळा नुसतं बटण होतो. पुतण्याला माझ्यातर्फे सांगा, स्क्रीन नको.

त्याची दुसरी सूचना, पाचच स्वरांची, अर्धी बरोबर आहे. जर्मनीत संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या मुलांना संगीत शिकवायच्या पद्धतीत मुलांच्या झायलोफोनच्या पट्ट्या सुट्या निघतात. म आणि नी च्या पट्ट्या काढून ठेवल्या की जे उरतं ते आपल्या भूपाचे स्वर, आणि त्यात मुलं बिनधास्त वाजवतात. सुरुवातीला ते चांगलंच. पण काढलेल्या पट्ट्या तिथं शेजारीच असतात, फेकून दिलेल्या नसतात. पुतण्या म्हणतो तसं "बेसूर होणारच नाही" असं कुलूप लावू नका. जिथं काहीही मांडलं तरी बरंच वाजतं तिथं मुलीला "हे संपलंच नाही" म्हणायची वेळ येत नाही. मग ती बदलणार काय? तीव्र म असलेला एक ठोकळा बाजूच्या डबीत ठेवा. ज्या दिवशी तिला तो हवासा वाटेल त्या दिवशी भूपात ठेवून बघू दे, आवडला नाही तर काढू दे. आवडला तर आणखी छान.

बाईंचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. अलंकार लागतातच, त्याशिवाय गळा तयार होत नाही. पण "आधी हे, मग ते" यात दहा वर्षं जातात आणि रचायची हौस तोवर विझून जाते. मी स्वतः अशीच शिकले. पलटे पाठ झाले, परीक्षा झाल्या, आणि स्वतःची चार मात्रांची ओळ लावायला पहिल्यांदा धजावले तेव्हा मी तिशीत होते. बाईंना विरोधात उभं करू नका, त्यांनाच मदतीला घ्या. ठोकळ्यांतले तुकडे त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा. संगणकातल्या पिपाणीसारख्या आवाजापेक्षा ओळखीच्या बाईंच्या गळ्यातला "ग रे सा" मुलीला किती जवळचा वाटेल विचार करा. लयीचा दुसरा संच करायचा झाला तर तुमच्या पेठेतल्या एखाद्या हलगीवाल्याला बोलवा आणि त्याचे तुकडे घ्या. खरी हलगी, तापवून घट्ट केलेली.

आणि अलंकाराची वाटही याच ठोकळ्यातून काढता येते. ठोकळ्याला वर झाकण करा, पानाच्या डबीसारखं. पहिले काही महिने ते बंदच राहू दे. मग एक दिवस मुलगी विचारेल की दिव्यात आत आहे काय. त्या दिवशी उघडा. आत चार बारीक भोकं आणि त्यात ग, रे, सा च्या तीन खुंट्या, चौथं भोक रिकामं. तुमच्या त्याच खुंट्या, लहान केलेल्या. आता ती तुकड्याच्या आतला स्वर बदलू शकते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला भातखंडे पद्धतीनं लिहिलेलं वाचूही शकते. तेव्हा तिला स्वर म्हणजे काय ते कळेल, कारण तोवर तिला त्याची गरज पडलेली असेल. मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा करणारे सिमोर पॅपर्ट मुलांच्या साधनांबद्दल सांगत की उंबरा बुटका हवा आणि छत उंच. तुमच्या पाटाला उंबरा होता, वर मात्र खोलीच नव्हती.

सर्किटबद्दल थोडक्यात. सोळा जागांपेक्षा चार जागा फार सोप्या. प्रत्येक प्रकारच्या ठोकळ्यात वेगळ्या किमतीचा एक रेझिस्टर घाला, बुडाला पितळेच्या दोन चकत्या, पाटाला दोन स्प्रिंगचे संपर्क. ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलरला व्होल्टेज वाचून कुठला ठोकळा आहे ते कळेल. किमती एकमेकींपासून चांगल्या लांब घ्या, कारण त्याचं मोजमाप फार काटेकोर नसतं. पावसाळ्यात पितळ काळवंडतं, महिन्यातून एकदा पुसायला लागेल. ठोकळा बसला की लगेच "टक्" असा आवाज यायला हवा, नाहीतर पोर दाबत राहतं. ब्लूटूथचा स्पीकर लावू नका, हात हलल्यावर आवाज उशिरा येतो आणि कान बावचळतो. वायरचा लावा. झाकणातल्या खुंट्यांचं सर्किट नंतर बघू, ते अवघड आहे.

एक मात्र आत्ताच करा. चार ठोकळ्यांची जागा पाटातून अख्खी उचलता येईल अशी पट्टी करा, आणि भिंतीला मांडणी. कारण तुमच्याकडं वीस पोरं आली तेव्हा प्रत्येकानं आधीच्याचं काढून आपलं लावलं असणार. आपलं गाणं पुढच्यानं उपटून टाकलेलं बघून कोण परत येईल? पट्टीवर खडूनं नाव घाला आणि ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी आपली पट्टी उचलायला पोर आपोआप येतं.

पण यातलं काहीही कापायला घेण्याआधी एक रविवार चादरीचा प्रयोग करा. तुमच्या शॉपमधल्या कटपीसचे आठ तुकडे, एक पेटीवाला, चार-पाच पोरं. एकेकट्यानं बसवा, मग दोघादोघांना. तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसा आणि दोनच गोष्टी टिपा: ऐकल्यावर पोरानं कुठला ठोकळा हलवला, आणि हलवताना तोंडानं काय म्हणालं. पहिल्यांदा मांडलेलं लिहू नका, ते सगळ्यांचं कसंही असतं. ज्या ठोकळ्याला कुणीच हात लावत नाही तो काढा, ज्यावरून भांडण होतं त्याच्या आणखी प्रती करा. मुलीला सगळ्यांत शेवटी बसवा, आणि तिच्या वेळी तुम्ही खोलीबाहेर जा. बाप बघतोय म्हटल्यावर ती तुम्हाला आवडेल तेच मांडेल.

चादर जाड घ्या. पेटीवाल्याचे पाय दिसले की पोरं पाटाकडं बघायचं सोडून तिकडंच धावतात.

वहीत काय आलं ते मला कळवा.

– तुमची ताई